डाव्या हाताची सुरी

मित्रांनो, मला उचलण्याआधी एवढं ऐका. मला उजव्या हातात घेऊ नका. मी डावखुरी सुरी आहे.

माणसं डावखुरी असतात हे तुम्हाला ठाऊक असेल. तुमच्या वर्गातही कुणीतरी डाव्या हाताने लिहीत असेल आणि शेजारच्याच्या कोपराला त्याचं कोपर लागत असेल. पण सुरी डावखुरी कशी, असं तुम्ही विचाराल. तुमच्या घरातल्या सुरीला बहुधा दोन्ही बाजूंनी उतार असतो. आम्हा जपानी सुऱ्यांपैकी काहींना तो एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू जवळजवळ सपाट. उजव्या हातासाठी घडवलेलीचा उतार उजवीकडे, डाव्यासाठी घडवलेलीचा डावीकडे. चुकीच्या हातात पडले की मी सरळ उतरत नाही, तिरकी जाते. लोकांना वाटतं मी हट्टी आहे. हट्ट नाही हो तो, माझी घडणच तशी आहे.

माझा जन्म एका काळवंडलेल्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे काय, एक भट्टी, एक ऐरण आणि छपराला लोंबणारी काजळी. एका म्हाताऱ्या लोहाराने मऊ लोखंडावर कठीण पोलादाची पट्टी चढवली, तापवली, ठोकली, पुन्हा तापवली. त्याने जन्मभर उजव्या हाताच्या सुऱ्या केल्या होत्या. त्याचे हात डोळे मिटूनही ते काम करायचे. माझ्या वेळी मात्र त्याला दर घडीला थांबून विचार करावा लागे, की उतार कुठे आणि सपाटी कुठे. मला घडवताना त्याने जितक्या शिव्या घातल्या, तितक्या बाकी सगळ्या सुऱ्यांना मिळून घातल्या नसतील. पण पाणी देताना मात्र तो एकदम गप्प झाला. लालबुंद पातं पाण्यात बुडवताना तडकलं की सगळी मेहनत वाया जाते. मी तडकले नाही. मग मला लाकडाची मूठ बसवली, तीसुद्धा डाव्या तळव्यात नीट बसेल अशी, एका बाजूला उंचवटा ठेवून.

मला एका स्वयंपाक्याने सांगून करवून घेतलं होतं. तो कधी न्यायला आलाच नाही. का आला नाही, हे कुणाला कळलं नाही. लोहाराची सून दुकान सांभाळायची. तिने बरीच वाट पाहिली आणि शेवटी मला खालच्या खणात ठेवून दिलं. भांड्यांच्या दुकानांनी भरलेल्या त्या गल्लीत परदेशी प्रवासी खूप यायचे. माझ्या बहिणी भराभर कागदात गुंडाळल्या जाऊन दूरदूरच्या गावी निघून जायच्या. कधी कुणी मला उचललंच, तर दुकानात ठेवलेल्या मुळ्यावर चालवून बघे आणि म्हणे, "ही वाकडी आहे." मग पुन्हा खण. मित्रांनो, आपल्यात काही खोट नसताना दिवसेंदिवस 'वाकडी' म्हणवून घेणं फार जड जातं.

आणि एके दिवशी मावशी आली.

मावशी म्हणजे एका वसतिगृहाची स्वयंपाकीण. तिथे नर्सिंग शिकणाऱ्या मुली राहायच्या. त्या तिला मावशी म्हणायच्या आणि तिच्या नवऱ्याला काका. मावशीचा नवरा काका कसा, हा प्रश्न त्यांच्यातल्या कुणालाही कधी पडला नाही. काका बस चालवायचे, नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांची एकुलती एक लेक नोकरीसाठी या परक्या देशात आली होती. तिने हट्टाने दोघांना बोलावून घेतलं होतं आणि गल्लीगल्ली हिंडवत होती.

मावशी दुकानात शिरली ती सावलीला. तिचे पाय दुखत होते. लेक लोहाराच्या सुनेशी त्यांच्या भाषेत बोलत होती. मावशीने सहज म्हणून एक सुरी उचलली. डाव्या हाताने. लोहाराची सून बोलता बोलता थांबली. खाली वाकली, खण उघडला आणि मला तिच्यासमोर धरलं.

मावशीने मला मुठीत घेतलं मात्र, तिचा चेहरा बदलला. तिच्यासमोर काकडी ठेवली गेली. मी उतरले ती सरळ, थेट फळीपर्यंत. चकती इतकी पातळ निघाली की तिच्यातून बोट दिसत होतं.

"आई, काय झालं? रडतेस काय?" लेकीने विचारलं.

"कुठे रडतेय? कांदा असेल."

"इथे कांदा नाहीये, आई. काकडी आहे."

नंतर मुक्कामाच्या खोलीवर मावशीने लेकीला जे सांगितलं, ते मी पेटीत पडल्या पडल्या ऐकलं. लहानपणी तिच्या आईने तिचा डावा हात ओढणीने कमरेला बांधून ठेवला होता. शाळेत बाईंनी बोटांच्या पेरांवर पट्ट्या मारल्या होत्या. लिहिणं उजव्या हातावर गेलं, जेवणं गेलं. फक्त कापणं काही गेलं नाही. जन्मभर ती दुसऱ्यांच्या हातांसाठी केलेल्या सुऱ्या, कात्र्या, सोलण्या वापरत आली होती. "मला वाटायचं, मीच वेंधळी आहे," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा कळलं, माझ्या हातासाठीही कुणी काही करतं."

परतताना माझ्यावर बाका प्रसंग आला. सामानाच्या आदळआपटीत माझी धार जाईल म्हणून काकांनी मला गुपचूप खांद्याच्या पिशवीत ठेवलं. विमानतळावर पिशवी यंत्रातून गेली आणि दोन वर्दीवाले उभे राहिले. काका आपल्याच भाषेत ओरडून सांगू लागले, "स्वयंपाकाची आहे हो, स्वयंपाकाची!" समोरच्याला कळेना म्हणून त्यांनी हाताने खसाखसा कापून दाखवलं. मित्रांनो, विमानतळावर असा अभिनय कधी करू नका. दोनाचे चार वर्दीवाले झाले.

सुरी इथेच सोडा नाहीतर परत जाऊन सामानात टाका, असं त्यांनी खुणेनं सांगितलं. विमानाची वेळ होत आली होती. काका कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "राहू दे गं. पुन्हा घेऊ कधीतरी."

मावशी खाली बाकावर बसली. "तुम्ही जा. मी सुरीशिवाय येत नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात तिने असा हट्ट केलाच नव्हता. काकांनी तिच्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि आयुष्यभर बस वेळेवर पोचवणारा तो माणूस त्या लांबलचक दालनातून उलट्या दिशेने पळत सुटला. मी सामानाच्या पोटात शिरले, आणि विमानाचं दार बंद होता होता काका आत शिरले. घरी पोचल्यावर कितीतरी दिवस ते हीच गोष्ट येईल त्याला सांगत होते. सांगताना वर्दीवाले वाढत वाढत अर्धी पलटण झाली.

मग माझ्या सुखाचे दिवस सुरू झाले. रोज सकाळी मावशी मला फडक्यात गुंडाळून वसतिगृहात घेऊन जायची आणि संध्याकाळी परत आणायची. कोबी, गाजरं, भोपळे, कांद्यांच्या राशी आम्ही दोघींनी मिळून कापल्या. मुली जेवायच्या रांगेतून मान लांब करून बघायच्या. "मावशी, आमच्या डॉक्टरांना शिकवा जरा," असं त्यातली एक म्हणायची आणि सगळ्या हसायच्या. सुट्टीच्या दिवशी मावशी पाण्यात भिजवलेल्या दगडावर मला धार लावायची. दगडावरून पातं फिरताना जो सूं-सूं आवाज येई, तो ऐकत काका वर्तमानपत्र वाचायचे.

घरी एकदा काकांनी माझ्याने सफरचंद कापलं. फोडी एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ.

"ही माझं ऐकत नाही," काका म्हणाले.

"ऐकत नाही तेच बरं," मावशी म्हणाली. "घरात एक तरी वस्तू फक्त माझी असू दे."

एकदा एका मदतनीस बाईने मला ओल्या भांड्यांत तसंच टाकलं. मी पोलादाची, ओल राहिली की गंजते. दुपारपर्यंत माझ्या अंगावर तांबूस डाग उठले. मावशी कुणाला फारसं बोलत नसे, पण त्या दिवशी तिचा आवाज चढला. मग तिने बसून डाग घासून काढले, मला कोरडं केलं, तेलाचा हात फिरवला. माझं सगळं आयुष्य त्या एका हाताच्या भरवशावर आहे, हे मला तेव्हा कळलं. त्या वेळी ते सुखाचं वाटलं होतं.

तो दिवस इतर दिवसांसारखाच उजाडला. मावशी कोबी चिरत होती. मध्येच मी तिच्या हातून निसटले. तिने मला उचललं, मी पुन्हा निसटले.

"हात झोपला वाटतं," ती हसून म्हणाली. पण ते हसू तोंडाच्या एकाच बाजूला उमटलं.

चहा न्यायला आलेल्या एका मुलीने ते पाहिलं आणि तिच्या हातातला कप खाली पडला. "मावशी, दोन्ही हात वर करा बघू," ती म्हणाली. उजवा वर गेला. डावा गेला नाही. मग धावपळ, आरडाओरडा, कुणीतरी गाडी आणली. त्या मुलींनी पुस्तकात वाचलेला अर्धांगाचा झटका त्या सकाळी आपल्या मावशीच्या चेहऱ्यावर पाहिला. त्यांनी वेळ दवडला नाही म्हणून मावशी वाचली, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

मी फळीवरच पडून राहिले, कोबीच्या रसात. संध्याकाळी काका तिच्या चपला आणि पिशवी न्यायला आले. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ते माझ्यासमोर नुसते उभे राहिले. मग त्यांनी मला नळाखाली धरलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि म्हणाले, "ती येईपर्यंत मी बघतो तुला."

मित्रांनो, त्यांनी शब्द पाळला. माझ्या गोष्टीतलं दुःख तिथूनच सुरू होतं.

मावशी घरी आली. डावा पाय ओढत का होईना, काठीच्या आधाराने चालू लागली. बोलणं स्वच्छ होतं. डावा हात मात्र मांडीवर ठेवला तसा राहायचा. त्याला गरम कळेना, गार कळेना, आणि पायाचंही तसंच. घरी एक व्यायामताई यायला लागली. ती मावशीची बोटं एकेक करून सरळ करायची, मुठीत रबरी चेंडू ठेवायची. चेंडू गडगडत पलंगाखाली जायचा आणि काका गुडघ्यांवर रांगत तो काढून आणायचे.

रोज सकाळी काका मला फडक्यातून सोडवायचे. नसलेली धूळ पुसायचे. तेल लावायचे, जास्तीचं टिपून घ्यायचे आणि मावशीच्या खुर्चीसमोरच्या टेबलावर मला ठेवून द्यायचे.

"ही बघ, तुझी वाट बघतेय," ते म्हणायचे.

सुरुवातीला मावशी हसायची. उजव्या हाताने माझ्या मुठीवरून बोट फिरवायची. पुढे पुढे ती नुसती मान हलवू लागली. मग ती खिडकीकडे बघू लागली. काकांना ते दिसत नव्हतं असं नाही. पण ज्या माणसाने बंद पडलेली बस कधी रस्त्यात सोडली नाही, त्याला काही गोष्टी पुन्हा सुरू होत नाहीत हे मान्य करायचं तरी कसं? ते घाटातल्या गोष्टी सांगायचे, इंजिन तापल्याच्या, ब्रेक धरल्याच्या. "शेवटी चालू झालीच ना गाडी!" प्रत्येक गोष्ट इथेच येऊन थांबायची.

लेकीचा फोन आला की काका पडद्यासमोर आधी बसत.

"आईचा हात कसा आहे, बाबा?"

"एकदम झकास. बोटं हलतात आता. पुढच्या महिन्यात काकडी चिरेल बघ."

मावशी मागे खुर्चीत बसलेली असायची. तिची बोटं हलत नव्हती. लेकीचा चेहरा त्या चौकटीत उजळायचा आणि मावशी गप्प राहायची.

एके दिवशी व्यायामताईने काकांना स्वयंपाकघरात बोलावलं. मी ओट्यावरच होते. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, डाव्या हातात जेवढं येण्यासारखं होतं तेवढं आलंय. आता उजव्या हाताला शिकवू या. लिहितात त्या उजव्याने, कापणंही जमेल. सुरुवातीला बोथट सुरी घेऊ, मऊ काहीतरी घेऊ."

काकांचा चेहरा लाल झाला. "उजव्या हाताला? त्या हातासाठी लहानपणी मार मार मारलंय तिला. आणि आता तुम्हीही तेच सांगताय?"

"मी मारायला नाही सांगत, काका."

"तुम्हाला जमत नसेल तर सांगा तसं. आम्ही दुसरं कुणी बघू."

"दुसरं कुणीही हेच सांगेल."

"मग उद्यापासून नका येऊ."

व्यायामताईने पिशवी उचलली. जाताना तिने आतल्या खोलीत डोकावून मावशीला नमस्कार केला. मावशीने सगळं ऐकलं होतं. घर केवढंसं, भिंती केवढ्याशा. तिने उजवा हात उचलून तिला निरोप दिला आणि काकांना काहीही विचारलं नाही.

त्यानंतरच्या सकाळी फार वाईट गेल्या. काका मला पुसत, समोर ठेवत, आणि मावशी डोळे मिटून घेई. मला वाटायचं, कुणीतरी मला उचलून त्या जुन्या खणात टाकावं. तिथे नुसती अडगळ तरी होते. इथे मी कुणाच्या तरी छातीवरचा दगड झाले होते.

मग ती दुपार आली. काका भाजी आणायला गेले होते. मावशी काठी टेकत उठली, स्वयंपाकघरात गेली, टोपलीतली काकडी घेऊन आली. टेबलाशी बसली. उजव्या हाताने तिने मला उचललं आणि डाव्या तळव्यात ठेवलं. किती दिवसांनी मी त्या तळव्यात आले होते! तो ऊबदार होता, पण त्यात पकड नव्हती. बोटं मिटेनात. तिने ती एकेक करून माझ्या मुठीभोवती वळवली, ती पुन्हा उलगडली. तेव्हा तिने खांद्यावरची ओढणी काढली आणि तिच्या टोकाने, उजव्या हाताने आणि दातांनी गाठ मारून, मला त्या हाताला बांधून टाकलं.

"एकदाचं बघू या," ती स्वतःशी म्हणाली.

तिने खांद्यापासून हात उचलायचा प्रयत्न केला. हात टेबलावर सरकला, काकडीला टेकला, काकडी घरंगळली. तिने पुन्हा प्रयत्न केला. कपाळावर घाम जमला. हात टेबलाच्या कडेपर्यंत आला आणि आपल्याच वजनाने खाली घसरला. मी त्याच्याबरोबर खाली गेले. मी थांबू शकले नाही, मित्रांनो. धार थांबत नसते. माझं पातं तिच्या डाव्या पायाच्या पोटरीत शिरलं.

मला वाटलं ती किंचाळेल. ती किंचाळली नाही. ती काकडीकडेच बघत होती. खांदा उचलायचा तिचा प्रयत्न चालूच होता, आणि प्रत्येक हिसक्यासरशी मी जखमेला आणखी लागत होते. तिला काहीच कळत नव्हतं.

दार उघडलं. काकांच्या हातातली पिशवी पडली.

"अगं, हे काय! हे काय केलंस!"

"काय झालं?" मावशीने विचारलं. तिने काकांची नजर जिथे होती तिथे पाहिलं. फरशीवर रक्ताचं थारोळं झालं होतं आणि तिचा पाय त्यात होता. तिचा चेहरा पांढरा पडला. "अहो, हे माझं रक्त आहे?" असं तिने विचारलं, ते अजून माझ्या कानात आहे.

काकांनी गाठ सोडली, पायाला टॉवेल आवळला, शेजाऱ्यांना हाका मारल्या. टाके पडले. सुदैवाने शीर वाचली होती. दवाखान्यातून परत आल्यावर काकांनी मावशीला पलंगावर निजवलं आणि तडक माझ्याकडे आले. मी तशीच, रक्त सुकलेली, फरशीवर पडले होते. त्यांनी मला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं.

"काय करताय?" आतून मावशीने विचारलं.

"फेकून देतोय. घरात नको ही अवदसा."

"तिने काय केलं?"

"तिने काय केलं? पाय फाडला तुझा!"

"मी फाडला. मी बांधली तिला." मग ती म्हणाली, "इकडे या. तिला घेऊन या."

काका मला घेऊन पलंगाशी उभे राहिले. मावशी त्यांच्याकडे न बघता बोलत होती.

"रोज सकाळी तुम्ही ही पुसून माझ्यासमोर ठेवायचात. मला वाटायचं, परीक्षेचा पेपर ठेवलाय. आणि मी रोज नापास."

"मला वाटलं, तुला धीर येईल."

"तुम्हाला येत होता धीर. मला नाही. लेकीला सांगता, बोटं हलतात. त्या बिचारीला तिकडे हसू फुटतं आणि मला इथे तोंड लपवावं लागतं. ती ताई चांगलं सांगत होती, तिला हाकललंत. एकदा तरी मला विचारलंत, तुला काय हवंय म्हणून?"

काका खाली बसले.

"गेलाय तो हात," मावशी म्हणाली. "मला केव्हाच कळलंय. तुम्ही म्हणत नाही, म्हणून मला मोठ्याने रडतासुद्धा येत नाही."

वर्तमानपत्राचा कागद काकांच्या हातात चुरगळत होता. शेवटी ते म्हणाले, "पण तुझा हात होता गं तो. सगळ्यांनी मारून मारूनही तू तो सोडला नव्हतास."

"होता," ती म्हणाली, आणि मग ती रडली. आतापर्यंत साठवलेलं सगळं रडली. काका तिच्या डाव्या हातावर हात ठेवून बसले. तिला तो स्पर्श कळत नव्हता हे लक्षात आल्यावर ते उठले, पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि तिचा उजवा हात धरला.

संध्याकाळी त्यांनी मला नळाखाली धुतलं. पुसलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी व्यायामताईला फोन केला आणि माफी मागितली. मग लेकीला फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं. लेक म्हणाली, "आईला द्या फोन." त्या दिवसापासून पडद्यासमोर आधी मावशी बसू लागली.

माझं काय करायचं, हा प्रश्न राहिला होता. काकांना मी डोळ्यांसमोर नको होते. मावशी म्हणाली, "तिला कामाला लावा. माझ्यासारखं डावखुरं कुणीतरी शोधा. नुसती पेटीत ठेवून तिला गंजवू नका."

मग काका निघाले डावखुरा स्वयंपाकी शोधायला. एका खाणावळीतून दुसऱ्या खाणावळीत शिरायचे आणि गल्ल्यावर विचारायचे, "तुमच्याकडे डावखुरं कुणी आहे का हो?" एकाने त्यांना सरकारी पाहणी करणारा समजून चहा पाजला. एकाला वाटलं, काहीतरी चोरीला गेलंय आणि चोर डावरा होता. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, आमच्याकडे सगळे सरळ हाताचे आहेत." काका हे सगळं घरी येऊन सांगायचे, आणि कितीतरी दिवसांनी मावशी पोट धरून हसली.

शेवटी बसस्थानकामागच्या एका खाणावळीत त्यांना तो सापडला. मधल्या वयाचा, अंगाने आडवा, कमी बोलणारा स्वयंपाकी. सगळे त्याला डावऱ्याच म्हणायचे. काका त्याला घरी घेऊन आले. मावशीने त्याला बसायला सांगितलं आणि समोर काकडी ठेवली.

डावऱ्याने मला हातात घेतलं. मूठ तळव्यात बसताच त्याने आश्चर्याने खाली पाहिलं. तो कापू लागला. मी सरळ उतरत होते, पण मनासारखी नाही. तो मला फार आवळून धरत होता, जन्मभर वाकड्या सुऱ्यांशी झोंबणारा प्रत्येक डावखुरा धरतो तसं. मावशी डोळे मिटून आवाज ऐकत होती.

"थांब," ती म्हणाली. "अशी नको. ही तुझ्याशी भांडणार नाही. हात सैल सोड."

आणि तिने आपला उजवा हात पुढे केला, त्याच्या डाव्या हातावर ठेवला, त्याची तर्जनी पात्याच्या पाठीवर आणली, अंगठा जरा मागे घेतला. "हं. आता बघ."

चकती पडली. तिच्यातून फळीवरच्या रेषा दिसत होत्या. डावऱ्याच्या तोंडून नुसतं "अरे!" एवढंच निघालं.

काका पाठमोरे होऊन खिडकीशी उभे होते. निघताना त्यांनीच मला कोरड्या फडक्यात गुंडाळलं. "ओली ठेवायची नाही," ते डावऱ्याला म्हणाले. "हाडावर, गोठलेल्या वस्तूवर चालवायची नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आणि गंजली तर मला नको सांगूस. घास आणि गप्प बस."

आता मी त्या खाणावळीत असते. धूर असतो, गोंगाट असतो, काम पुष्कळ असतं. डावऱ्या मला धुतो, लगेच पुसतो. माझ्या पात्यावर आता काळसर-निळी झाक चढली आहे, पोलाद वापरात असलं की चढते तशी. मला मावशीची आठवण येते का? येते. आठवण येऊ नये इतकी चांगली सुरी अजून कुणी घडवलेली नाही.

काका कधीमधी दुपारचे जेवायला येतात. स्वयंपाकघरात डोकावत नाहीत. हात धुताना मोठ्याने बोलतात, म्हणजे आत ऐकू जावं. "काल तिने केळं चिरलं. वाकडंतिकडं. उजव्या हाताने." कधी म्हणतात, "आज काही केलं नाही. नुसती बसून होती." डावा हात तसाच आहे. तो बरा झाला, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही, कारण तो झालेला नाही.

मित्रांनो, घरातल्या वस्तू जरूर जपा. त्या धुवा, कोरड्या करा, ज्या हातासाठी त्या केल्या आहेत त्या हाताला वापरू द्या. डाव्या हाताने कापणाऱ्याच्या बोटांवर मारू नका. आणि तुमच्या घरातल्या कुणाचं काही कायमचं गेलं असेल, तर त्या माणसासमोर रोज सकाळी त्याची जुनी वस्तू पुसून ठेवू नका. आधी त्याच्याशेजारी बसा आणि त्याला विचारा, तुला काय हवंय. विचारल्यावर मात्र त्याला बोलू द्या.